ताळा जुळत नाही तेव्हा

दूरच्या सर्व्हरवरून एक फाइल आणायची, मागवली तीच आली ना हे ताडून पाहायचं आणि ठरलेल्या जागी ठेवून द्यायची. सर्व्हर सांभाळणाऱ्या यंत्रणांचं हे रोजचं, कुणाच्या लक्षातही न येणारं काम. जर्मनीतल्या कारखान्यांत, विमा कंपन्यांत, विद्यापीठांत ते रात्रंदिवस चालू असतं. न्यूर्नबर्गच्या सुझे कंपनीने २०१६ साली सुझे मॅनेजरच्या तिसऱ्या आवृत्तीत त्यासाठी सॉल्ट हे साधन आणलं. इतर ठिकाणी अँसिबल, पपेट किंवा शेफ असतं. चारही साधनांमागची कल्पना एकच. सर्व्हर कसा असावा हे मजकुरात लिहून ठेवायचं आणि त्याबरहुकूम शंभर सर्व्हर घडवायचं काम यंत्रावर सोपवायचं. त्या मजकुरात फाइलच्या पत्त्याशेजारी चौसष्ट अक्षरांची एक ओळ असते. तो त्या फाइलचा चेकसम. एखाद्या दिवशी काम मधेच थांबतं आणि पडद्यावर संदेश येतो की अपेक्षित चेकसम हा, प्रत्यक्ष आलेल्या फाइलचा हा, आणि दोन्ही जुळत नाहीत. त्यानंतरच्या पाच मिनिटांत काय होतं, हा या लेखाचा विषय आहे. फार ठिकाणी त्या पाच मिनिटांत नवा आकडा जुन्याच्या जागी चिकटवला जातो किंवा पडताळणीच बंद केली जाते, आणि काम पुढे सरकतं. माझ्या मते न जुळलेला ताळा ही एक साक्ष असते. तिची उलटतपासणी केल्याशिवाय ती निकालात काढणं म्हणजे आपणच बसवलेला पहारेकरी त्याने पहिली हाक मारताच हाकलून देणं. साक्ष बहुतेक वेळा किरकोळ गोष्टीची निघते, हे मला मान्य आहे. तरीही ती तपासावी लागते, आणि तपासायची कशी हे ठरलेलं असेल तर त्याला वाटतो तेवढा वेळ लागत नाही.

ताळ्याची कल्पना आपल्याला शाळेपासून ओळखीची आहे. गुणाकार बरोबर आला का हे अंकांच्या बेरजेने पडताळायची रीत जुनी आहे. आधार क्रमांकाचा बारावा अंक हा असाच ताळ्याचा अंक. तो याकोबुस फेरहूफ या डच गणितज्ञाने १९६९ मध्ये मांडलेल्या पद्धतीने काढतात, आणि तीच पद्धत जर्मनीच्या बुंडेसबँकेने १९९० पासूनच्या मार्कच्या नोटांच्या क्रमांकांना लावली होती. क्रेडिट कार्डावरच्या क्रमांकाचा ताळा हान्स पेटर लून यांचा. ते जन्मले बार्मेनमध्ये, जे आता वुपर्टाल शहराचा भाग आहे. त्याच लून यांनी जानेवारी १९५३ मध्ये आयबीएमच्या एका अंतर्गत टिपणात हॅशिंगची कल्पना मांडली. हे सगळे ताळे माणसाच्या हातून होणारी चूक पकडतात: एखादा अंक चुकला, दोन अंकांची अदलाबदल झाली. मुद्दाम केलेली फसवणूक पकडणं हे त्यांचं कामच नाही. फाइलसाठी वापरला जाणारा एसएचए-२५६ मात्र दोन्हींसाठी आहे. फाइल काही अक्षरांची असो की काही गिगाबाइटची, उत्तर २५६ बिटांचंच येतं, आणि फाइलमधला एक बिट बदलला तरी उत्तरातले सुमारे निम्मे बिट बदलतात. त्यामुळे दोन आकडे थोडेफार सारखे दिसतात का, हे पाहण्यात काही अर्थ नसतो. एक स्वल्पविराम बदलला असो की अख्खी फाइल, फरक तितकाच मोठा दिसतो.

म्हणजे संदेश फक्त ‘वेगळं आहे’ एवढंच सांगतो. चूक कुणाची, ते सांगत नाही. आपण लिहून ठेवलेला आकडा चुकीचा असू शकतो. फाइल वाटेत बदललेली असू शकते. किंवा जिथून ती निघाली तिथेच काहीतरी बदललेलं असू शकतं. तपासाची पहिली चूक इथेच होते. ‘अपेक्षित’ आणि ‘प्रत्यक्ष’ या शब्दांमुळे वाटतं की प्रत्यक्ष जे आलं ते खरं, आणि आपली अपेक्षा शिळी झाली आहे. प्रत्यक्ष आलेली वस्तू खरी असेलच असं नाही, ती फक्त आलेली असते.

आधी आपल्याच बाजूने सुरुवात करावी, कारण तिथे तपास सर्वांत स्वस्त. आकड्यातली अक्षरं मोजावीत. बत्तीस असतील तर तो एमडी५, चाळीस असतील तर एसएचए-१, चौसष्ट असतील तर एसएचए-२५६, एकशे अठ्ठावीस असतील तर एसएचए-५१२. एका पद्धतीचा आकडा दुसऱ्या पद्धतीच्या नावाखाली लिहिला गेला तर तो कधीच जुळणार नाही. मग पाहावं की आकडा नेमका कोणत्या फाइलचा आहे. अनेक प्रकल्प एकाच यादीत दहा-वीस फाइलींचे आकडे देतात. इंटेल प्रोसेसरसाठीची फाइल आणायची आणि आकडा शेजारच्या एआरएमवाल्या ओळीतला उचलायचा, ही चूक डोळ्यांना दिसत नाही, कारण दोन्ही आकडे सारखेच निरर्थक दिसतात. पत्त्यातला आवृत्तीचा क्रमांक वाढवला आणि चेकसमची ओळ तशीच राहिली, हेही नेहमीचं. इतिहासाची नोंद ठेवणाऱ्या गिटमध्ये या दोन ओळी शेवटच्या कधी बदलल्या ते पाहिलं की त्याचा उलगडा होतो. शेफ वापरणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. न जुळल्याच्या संदेशात शेफ दोन्ही आकड्यांची फक्त सुरुवातीची अक्षरं दाखवतो. तपासाला पूर्ण आकडा लागतो, तो फाइलवरून हाताने काढावा.

आता वाट. इथे एक गोष्ट नीट समजून घेतली तर बराच वेळ वाचतो. २००० साली जोनाथन स्टोन आणि क्रेग पार्ट्रिज यांनी इंटरनेटवरच्या प्रत्यक्ष वाहतुकीचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ११०० पासून ३२,००० पर्यंत पाकिटांमागे एका पाकिटाचा टीसीपीचा ताळा चुकत असल्याचं त्यांना आढळलं, तेही खालच्या थरावर वेगळी पडताळणी असताना. टीसीपीचा तो ताळा जेमतेम सोळा बिटांचा, त्यामुळे काही बिघाड त्याच्याही हातून निसटतात. त्या काळात ‘वाटेत काहीतरी बिघडलं असेल’ हे उत्तर पटण्याजोगं होतं. आज बहुतेक डाउनलोड एचटीटीपीएसवरून होतात, आणि त्यात वाटेतल्या प्रत्येक तुकड्याची भक्कम पडताळणी असते. म्हणून एचटीटीपीएसवरून पूर्ण उतरलेल्या फाइलचा ताळा चुकला तर ‘तारेत बिघाड’ हा संशयित जवळपास वगळता येतो. राहतो तो वाटेवर अधिकृतपणे बसलेला मध्यस्थ. जर्मनीतल्या अनेक कंपन्या आणि सरकारी कार्यालयांत बाहेरची सगळी वाहतूक प्रॉक्सीतून जाते. विषाणू तपासण्यासाठी तो प्रॉक्सी एचटीटीपीएस उघडतो, आत डोकावतो आणि कंपनीच्या स्वतःच्या प्रमाणपत्राने पुन्हा बंद करतो. त्याला फाइल पसंत पडली नाही, किंवा लॉगिन हवं असलं, तर तो फाइलऐवजी एक पान पाठवतो. आयसीई रेल्वेगाडीतल्या वायफायचं स्वागतपानही साध्या एचटीटीपी विनंतीच्या बाबतीत हेच करतं. फाइल मागणाऱ्या साधनाच्या दृष्टीने विनंती बहुधा यशस्वी झालेली असते, म्हणून ते तक्रार करत नाही. तक्रार करतो फक्त चेकसम.

या जागी पाहण्यासारख्या खुणा अगदी ठसठशीत आहेत. उतरलेल्या फाइलचा आकार पाहावा. चाळीस मेगाबाइटच्या जागी चार किलोबाइट आले असतील तर ती फाइलच नव्हे. तिच्या पहिल्या काही अक्षरांत ‘डॉकटाइप एचटीएमएल’ असं दिसलं तर ते वेबपान आहे, आणि ते पान वाचलं की कुणी अडवलं तेही कळतं. आलेला एसएचए-२५६ आकडा ‘ई३बी०सी४४२’ने सुरू होत असेल तर उतरलेली फाइल पूर्ण रिकामी आहे. रिकाम्या फाइलचा आकडा जगात सगळीकडे एकच असतो, आणि ही सुरुवातीची आठ अक्षरं पाठ करण्याच्या लायकीची आहेत. एमडी५मध्ये तोच रिकामेपणा ‘डी४१डी८सीडी९’ने ओळखावा. आणखी एक खूण थोडी आडवळणाची आहे. दाबलेली, म्हणजे जीझिप केलेली फाइल काही सर्व्हर अशा शीर्षकासह पाठवतात की घेणाऱ्याला वाटतं दाबणं हे फक्त वाहतुकीपुरतं होतं, आणि तो ती उतरवता उतरवता उलगडून ठेवतो. मजकूर अस्सल, पण दाबलेल्या फाइलचा आकडा उलगडलेल्या फाइलला कसा जुळावा? अँसिबलच्या २०२२ मधल्या २.१४ आवृत्तीत ही उलगड बंद करण्यासाठी वेगळा पर्याय द्यावा लागला, यावरून ही अडचण काल्पनिक नव्हती हे दिसतं.

सगळ्यांत रंजक आणि सगळ्यांत महत्त्वाचा भाग म्हणजे उगम. पत्ता तोच, पण त्यामागची वस्तू बदललेली. ३० जानेवारी २०२३ रोजी गिटहबवरून आपोआप तयार होणाऱ्या सोर्सकोडच्या संग्रहफाइलींचे चेकसम एकाएकी बदलले. आतल्या प्रोग्रामांत एका अक्षराचाही फरक नव्हता. गिटच्या २.३८ आवृत्तीत फाइल दाबण्यासाठी बाहेरच्या जीझिपऐवजी गिटमधलाच कोड वापरायचं ठरलं होतं, आणि दोन्ही प्रकारे दाबलेली फाइल उलगडल्यावर सारखीच असली तरी दाबलेल्या अवस्थेत तिचे बाइट वेगळे असतात. बेझल, होमब्रू यांसारख्या साधनांवर चालणारी असंख्य कामं जगभर अडली आणि गिटहबने त्याच दिवशी बदल मागे घेतला. त्यातून दोन धडे मिळतात. एक म्हणजे चेकसम मजकुराचा नसतो, बाइटांचा असतो. दुसरा असा की मागणी केल्यावर दर वेळी नव्याने बनणाऱ्या फाइलला कायमचा आकडा लावणं मुळातच कच्चं आहे. प्रकल्पाने स्वतः एकदा बनवून ठेवलेली, अधिकृतपणे प्रसिद्ध केलेली फाइल असेल तर तीच घ्यावी. ‘लेटेस्ट’ नावाच्या पत्त्याला चेकसम लावणाऱ्यांच्या बाबतीत तर ताळा चुकणं अटळच असतं. त्या पत्त्याचं कामच बदलत राहणं आहे.

जर्मनीत उगमाचा हा प्रश्न आणखी एका रूपात भेटतो, ते म्हणजे मिरर. आखनच्या आरडब्ल्यूटीएच विद्यापीठाचा हॅलिफॅक्स, गॉटिंगेनच्या जीडब्ल्यूडीजीचा, एर्लांगेन-न्यूर्नबर्ग विद्यापीठाचा, केमनिट्झ आणि ड्रेस्डेनच्या तांत्रिक विद्यापीठांचा असे सार्वजनिक मिरर मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रती वर्षानुवर्षं जगाला वाटत आले आहेत. हे फार मोठं सार्वजनिक काम आहे, आणि त्याची पुरेशी दखल घेतली जात नाही. पण मिरर म्हणजे प्रत, आणि प्रत काढायला वेळ लागतो. यादी नवी आणि सॉफ्टवेअरचं पाकीट जुनं, किंवा उलट, अशी एक मधली अवस्था काही मिनिटं ते काही तास टिकते. नेमक्या त्या वेळी आलेल्याला ताळा चुकलेला दिसतो. डेबियन वापरणाऱ्यांना ‘हॅश सम मिसमॅच’ हा संदेश ज्या अनेक कारणांनी पाठ झाला, त्यातलं हे एक मोठं. इथे मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की या लोकांनी उपाय काय काढला. पडताळणी सैल केली नाही. नावं देण्याची पद्धत बदलली. डेबियनच्या भांडारात सूची फाइली त्यांच्या हॅशच्या, म्हणजे चेकसमच्याच, नावाने मागवता येतात. ओपनसुझेसारख्या आरपीएम भांडारांतही सूचीच्या फाइलींची नावं त्यांच्या स्वतःच्या चेकसमने सुरू होतात. जुनी सूची हातात असलेल्याला जुनंच नाव मिळतं, नवी असलेल्याला नवं, आणि दोघांची गल्लत होत नाही. त्या सगळ्या सूचींच्या डोक्यावर सही केलेली एक छोटी फाइल असते. तिच्यात सूचींचे हॅश, सूचींमध्ये पाकिटांचे हॅश. मूळ सही तपासली की खालची सगळी साखळी कोणत्याही अनोळखी मिररवरून आणली तरी चालते.

हे सगळं मान्य करूनही एक माणूस म्हणेल की म्हणजे बहुतेक वेळा कारण निरुपद्रवीच असतं ना? मग पडताळणी बंद करून पुढे गेलं तर बिघडलं कुठे? हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही, कारण साधनंच त्याला खतपाणी घालतात. सॉल्टला दूरच्या पत्त्यावरची फाइल चेकसमशिवाय मागितली तर तो नकार देतो, हे चांगलं. पण नकाराच्या त्याच वाक्यात तो दोन उपाय सुचवतो: एक तर चेकसम द्या, नाहीतर ‘स्किप व्हेरिफाय’ खरं करा. दोन्ही उपाय शेजारी शेजारी, एकाच तोलाचे असल्यासारखे. रात्री अकराला काम अडलेला माणूस कोणता निवडेल हे सांगायला नको. पडताळणी बंद करणारी ती ओळ एकदा लिहिली गेली की कारण मिटल्यावरही तशीच राहते, कारण ती कधीच अडत नाही. अँसिबलमध्ये तर चेकसम ऐच्छिकच आहे.

या आक्षेपाला सर्वांत चांगलं उत्तर २०२१ सालच्या कोडकोव्ह प्रकरणात सापडतं. कोडकोव्ह ही प्रोग्रामांच्या चाचण्यांचं मोजमाप करणारी सेवा. तिची एक स्क्रिप्ट हजारो कंपन्यांच्या यंत्रणा रोज डाउनलोड करून लगेच चालवत असत. ३१ जानेवारी २०२१ पासून कुणीतरी त्या स्क्रिप्टमध्ये बदल करत होतं. बदललेली स्क्रिप्ट ज्या यंत्रावर चालेल तिथली गुप्त माहिती, पासवर्ड, किल्ल्या, सगळं बाहेरच्या एका सर्व्हरला पाठवायची. पत्ता खरा, एचटीटीपीएस चालू, प्रमाणपत्र अस्सल, सर्व्हर कंपनीचाच. दोन महिने हे कुणाला कळलं नाही. १ एप्रिलला एका ग्राहकाने उतरलेल्या स्क्रिप्टचा चेकसम गिटहबवर दिलेल्या चेकसमशी ताडून पाहिला आणि तो जुळला नाही. त्याने तो न जुळलेला ताळा बाजूला सारला नाही, कंपनीला कळवला, आणि सगळं बाहेर आलं. ‘एचटीटीपीएस आहे, मग चेकसम कशाला’ या प्रश्नाचं उत्तरही याच प्रकरणात आहे. एचटीटीपीएस वाटेची हमी देतं. दाराशी उभा असलेला योग्य सर्व्हर योग्यच वस्तू देतो आहे, याची हमी देत नाही.

त्या ग्राहकाने आकडा वेगळ्या ठिकाणाहून घेतला होता, ही बाब सहज वाचून सोडून देऊ नये. फाइल आणि तिचा चेकसम एकाच सर्व्हरवर, एकाच पानावर असले तर जो फाइल बदलू शकतो तो आकडाही बदलू शकतो. फेब्रुवारी २०१६ मध्ये लिनक्स मिंटच्या संकेतस्थळात घुसलेल्यांनी डाउनलोडचा दुवा बिघडवलेल्या प्रतीकडे वळवला होता. अशा वेळी त्याच संकेतस्थळावर छापलेल्या आकड्याचा आधार किती घ्यायचा? अँसिबलमध्ये चेकसमच्या जागी थेट चेकसमच्या यादीचा पत्ता देण्याची सोय आहे. सोय खरी, आणि अर्धवट उतरलेली फाइल ती पकडेलही. पण दर वेळी अपेक्षा आणि वस्तू एकाच घरातून येत असतील तर साक्षीदार आणि आरोपी एकच झाले. आकडा एकदा, जाणीवपूर्वक, शक्यतो सहीसह तपासून घ्यावा आणि आपल्या मजकुरात लिहून ठेवावा. तो पुढच्या वेळी बदललेला दिसला तर निदान प्रश्न तरी पडेल.

आकड्याची जातही इथे महत्त्वाची आहे, आणि त्या इतिहासाची दोन ठळक पानं जर्मनीत लिहिली गेली. बॉनच्या बीएसआय या माहिती-सुरक्षेच्या संघीय कार्यालयात काम करणाऱ्या हान्स डॉबर्टिन यांनी १९९६ मध्ये एमडी५च्या गाभ्यातली कमजोरी दाखवली. पुढे ते बोखुमच्या रूर विद्यापीठात प्राध्यापक झाले. जगाने ते फारसं मनावर घेतलं नाही. २००४ मध्ये चीनच्या श्याओयुन वांग आणि सहकाऱ्यांनी एकच एमडी५ असलेल्या दोन वेगळ्या फाइली प्रत्यक्ष बनवून दाखवल्या, तरीही नाही. शेवटी ३० डिसेंबर २००८ रोजी बर्लिनमध्ये केऑस कम्प्युटर क्लबच्या पंचविसाव्या अधिवेशनात संशोधकांच्या एका गटाने दाखवलं की एमडी५ वापरून त्यांनी स्वतःसाठी बनावट प्रमाणपत्र-अधिकार तयार केला आहे. गणितासाठी सुमारे दोनशे प्लेस्टेशन ३ जोडले होते. इथे एक बारकावा प्रामाणिकपणे सांगायला हवा. वांग यांनी आणि बर्लिनमधल्या गटाने सारख्या आकड्याच्या दोन्ही फाइली स्वतः बनवल्या. आधीपासून असलेल्या दुसऱ्याच्या फाइलीशी एमडी५ जुळणारी नवी फाइल बनवणं आजही व्यवहारात जमलेलं नाही. त्यामुळे अपघाती बिघाड पकडायला एमडी५ अजून चालतो. पण फाइल बनवणाऱ्यावरच पूर्ण विश्वास नसेल तर तो चालत नाही, आणि ज्याच्यावर पूर्ण विश्वास आहे असा बनवणारा कोण, हे आधी सांगता येत नाही. पपेटने २०२० च्या सातव्या आवृत्तीत मूळ पसंती एमडी५वरून एसएचए-२५६वर नेली, ती उशिरा का होईना योग्यच होती.

सर्वांत कठीण आक्षेप शेवटी घेतो. समजा सगळं केलं: वेगळ्या जागेवरून आकडा घेतला, सही तपासली, ताळा तंतोतंत जुळला. तरी फाइल विषारी असू शकते की! हो, असू शकते, आणि मार्च २०२४ मध्ये न्यूर्नबर्गने ते जवळून पाहिलं. एक्सझेड हे फाइल दाबण्याचं छोटं साधन, त्याच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत प्रकल्पाच्याच एका देखभालकर्त्याने चोरदार बसवलं होतं. २९ मार्चला पोस्टग्रेसवर काम करणारे आंद्रेस फ्रॉइंड यांनी ते उघड केलं, एसएसएचला लॉगिनच्या वेळी अर्धा सेकंद जास्त का लागतो याचा पाठपुरावा करता करता. ओपनसुझेच्या टंबलवीड आणि मायक्रोओएस या वितरणांत ही आवृत्ती ७ ते २८ मार्चदरम्यान होती. ती मागे घेऊन नवी प्रत काढावी लागली, आणि ज्यांचा एसएसएच इंटरनेटला उघडा होता त्यांना नव्याने स्थापना करण्याचा सल्ला दिला गेला. सुझेच्या व्यावसायिक एंटरप्राइज आवृत्त्या त्यातून वाचल्या. चेकसम पूर्ण वेळ जुळत होता, कारण फाइल प्रकल्पाने दिली तीच होती.

यावरून चेकसम निरुपयोगी ठरतो का? मला उलट वाटतं. एक्सझेडमध्ये चोरदार चालू करणारी बांधणीची एक फाइल प्रसिद्ध केलेल्या संग्रहफाइलीत होती, पण प्रकल्पाच्या गिट भांडारात नव्हती. म्हणजे एक ताळा घेणं राहून गेलं होतं: प्रसिद्ध संग्रह आणि ज्यातून तो बनल्याचा दावा आहे तो कोड, यांच्यातला. डेबियनमध्ये २०१३ च्या सुमारास सुरू झालेली रिप्रोड्युसिबल बिल्ड्सची चळवळ याच दिशेची आहे. एकाच कोडपासून वेगवेगळ्या यंत्रांवर, वेगवेगळ्या लोकांनी बांधलेली फाइल शेवटच्या बिटापर्यंत सारखी यावी, आणि आली नाही तर का, ते शोधावं. तिच्या २०२३ आणि २०२४ च्या परिषदा हॅम्बुर्गला झाल्या. फाइलमध्ये शिरणारी बांधणीची वेळ, फाइलींचा क्रम, वापरकर्त्याचं नाव, असले क्षुल्लक फरक हुडकून काढणं हे या मंडळींचं वर्षानुवर्षांचं काम. ते काम पुरं झालं की निरुपद्रवी कारणांनी चुकणारे ताळे कमी होतात, आणि उरतो तो प्रत्येक ताळा लक्ष देण्याजोगा होतो. चेकसम एका विशिष्ट प्रश्नाचं उत्तर देतो. एक्सझेडमध्ये चेकसम चुकला नाही, योग्य प्रश्न विचारायचा राहिला.

राहिला वेळेचा प्रश्न. लहान टीमला दर वेळी एवढी चौकशी परवडत नाही, हे खरं आहे. म्हणूनच चौकशीची वेळच कमी येईल अशी रचना करावी. बाहेरची फाइल प्रत्येक सर्व्हरने स्वतंत्रपणे इंटरनेटवरून आणू नये. एकाने एकदा आणावी, तपासावी, आपल्या स्वतःच्या भांडारात आकड्यासह ठेवावी आणि शंभर सर्व्हरांनी ती तिथून घ्यावी. मग गिटहबने दाबण्याची पद्धत बदलली काय किंवा मिरर मागे पडला काय, आपल्याकडे त्याचे पडसाद उमटत नाहीत. आणि आपल्याच भांडारात ताळा चुकला तर ती गोष्ट उघडपणे गंभीर असते. बीएसआयच्या आयटी-ग्रुंडशुट्झमध्ये सॉफ्टवेअर पाकिटांची अखंडता आणि अस्सलपणा यांची खात्री करण्याची अपेक्षा स्पष्टपणे लिहिलेली आहे, त्यामुळे हे काम जर्मनीत वरिष्ठांना पटवणं तुलनेने सोपं जावं. चुकलेल्या ताळ्याची फाइल मात्र लगेच पुसू नये. ती बाजूला ठेवावी. तिचा आकार, पहिली अक्षरं, कोणत्या मिररवरून आणि कोणत्या वेळी आली, हे टिपावं. दुसऱ्या नेटवर्कवरून तीच फाइल एकदा उतरवावी. दोन्हीकडे नवा आकडा सारखाच आला तर उगम बदलला आहे, आणि प्रकल्पाच्या घोषणांत त्याचा खुलासा शोधावा. खुलासा सापडेपर्यंत जुन्याच प्रतीवर थांबावं. दोन्हीकडे वेगळा आला तर संशय वाटेवर किंवा एखाद्या विशिष्ट मिररवर. हे सगळं करायला अर्धा तास पुरतो.

म्युनिक, स्टुटगार्ट, फ्रँकफुर्टच्या परिसरात सर्व्हर सांभाळणाऱ्या मराठी अभियंत्यांना आणि त्यांच्यापेक्षा साडेतीन-साडेचार तास पुढच्या घड्याळावर पुण्यातून जर्मन कंपन्यांची तीच कामं करणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. चेकसमची ओळ बदलणारा माणूस आणि ती पुढच्या वेळी वाचणारा माणूस एकाच शहरात असेल याची खात्री नसते, म्हणून नवा आकडा कुठून घेतला आणि जुना का बदलला, हे त्या बदलाच्या नोंदीत दोन ओळींत लिहा. आणि तुमच्या भांडारात ‘स्किप व्हेरिफाय’ एकदा शोधा. जिथे सापडेल तिथे ती ओळ कुणी, कधी आणि कशासाठी लिहिली ते विचारा. उत्तर मिळालं नाही तर ती काढून टाका आणि काय अडतं ते पाहा.